हिरड्याची मात्रा

सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून बाळगुटी उगाळताना मोजमाप वजनाचे नसते, वेढ्यांचे असते. बाळहिरड्याचे दोन वेढे, मुरडशेंगेचा एक, वेखंडाचा जेमतेम अर्धा, जायफळ नुसते टेकवायचे. बाळाला शी होत नसेल तर हिरड्याचा वेढा वाढतो. शी पातळ होऊ लागली की हिरडा मागे पडतो आणि मायफळ पुढे येते. तराजू नाही, लिहिलेला कागद नाही, तरी उगाळणाऱ्या बाईच्या मनगटात मात्रा असते आणि दुसऱ्या दिवशी बाळाकडे बघून ती बदलते. बाळगुटी द्यावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येईन. आधी या वेढ्याचा विचार करू. पचनाच्या वनस्पतींची आपली परंपरा म्हणून आज जे सांगितले आणि विकले जाते त्यात हिरडा आहे, ओवा आहे, सोनामुखी आहे, पण वेढा नाही. नावे टिकली आणि मोजमाप गेले. माझे म्हणणे असे की त्या परंपरेतले खरे ज्ञान नावांत कमी आणि मोजमापात जास्त होते. मोजमापावाचून उरलेली नावे पुष्कळदा कुचकामी ठरतात आणि कधी कधी अपायकारकही.

मोजमाप म्हणजे किती चमचे एवढेच नव्हे. कोणत्या कामासाठी, हा त्यातला पहिला प्रश्न. आज मराठीत पोटाच्या साऱ्या तक्रारींना मिळून एकच शब्द उरला आहे, 'साफ'. पोट साफ होत नाही, सकाळी साफ झाले की बरे वाटते, साफ करणारे चूर्ण द्या. शार्ङ्गधर संहिता तेराव्या-चौदाव्या शतकातली मानतात. तिच्यात या एका शब्दाच्या जागी शब्दांची एक चढती ओळच आहे. जे भूक चेतवते पण न पचलेले पचवत नाही ते दीपन, त्याचे उदाहरण बडीशेप. जे न पचलेले पचवते पण भूक चेतवत नाही ते पाचन, त्याचे उदाहरण नागकेशर. दोन्ही कामे करणारा चित्रक. मळ पक्व करून, कोंडलेला वारा मोकळा करून त्याला खालची वाट दाखवते ते अनुलोमन. इथे हिरडा येतो. कोठ्यात चिकटून राहिलेले तसेच खाली आणणारे स्रंसन, म्हणजे बहाव्याच्या शेंगेतला मगज. गाठी झालेला मळ फोडणारे भेदन, म्हणजे कुटकी. पक्व-अपक्व असा भेद न करता सगळे पातळ करून बाहेर काढणारे रेचन, म्हणजे निशोत्तर. आणि याच्या अगदी उलट, पाणी शोषून मळ बांधणारे ग्राही. त्यात सुंठ आणि जिरे.

या व्याख्यांमागच्या 'अग्नी' (पचवणारी शक्ती) आणि 'आम' (न पचलेले) या कल्पना आजच्या शरीरशास्त्राला जशाच्या तशा मान्य होणार नाहीत आणि त्या मान्य करून घेण्याची गरजही नाही. लक्षात घ्यायचे ते हे की वनस्पतींची ही वाटणी त्यांच्या परिणामावरून केलेली आहे, आणि परिणामांत सौम्यापासून उग्रापर्यंत पायऱ्या आहेत. आजचे वैद्यकही विरेचकांना एका पोत्यात भरत नाही. मळाचा आकार वाढवणारी, आतड्यात पाणी खेचणारी, आतड्याच्या स्नायूंना चेतवणारी, मळ मऊ करणारी अशा त्यांच्या वेगवेगळ्या जाती मानते आणि त्या क्रमाने वापरते. घरातल्या व्यवहारातही हा क्रम होता. जेवणानंतर बडीशेप रोज चालते. पोट फुगले तर ओवा चावायचा, हिंग लावायचे. दोन-तीन दिवस शौचाला झाले नाही तर रात्री हिरडा. एरंडेलाची बाटली सगळ्यांत शेवटी, आणि तीही लहानमोठ्यांची प्रकृती बघून. बडीशेप आणि निशोत्तर यांच्यात जे अंतर आहे ते मिठात आणि तुरटीत असावे तेवढे आहे. दोन्हींवर 'पाचक' अशी एकच चिठ्ठी लावली की ते अंतर डोळ्यांआड होते. पचनाचे भले करणारी वनस्पती आणि आतडी रिकामी करणारी वनस्पती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच विसरले जाते.

हिरड्यावरून हे अधिक नीट दिसते. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत सह्याद्रीच्या उतारांवर हिरड्याची झाडे आहेत आणि महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या रोख पैशात या फळाचा मोठा वाटा असतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिथली हिरड्याची झाडे मोडून पडली, तेव्हा त्यांच्या भरपाईसाठी आदिवासींना लढावे लागले. फळात आठळी धरण्याआधी काढून वाळवलेला, काळा, सुरकुतलेला, बोराच्या आठळीएवढा तो बाळहिरडा. झाडावर पिकू दिलेला, पिवळसर, मोठा तो सुरवारी. एकाच झाडाची ही दोन फळे दुकानात दोन भावांनी आणि दोन कामांसाठी विकली जातात. तुकडा तोंडात धरला की आधी जीभ आखडते आणि बऱ्याच वेळाने गोडसर चव येते. जीभ आखडते ती टॅनिनमुळे. प्रथिनांना घट्ट धरण्याच्या त्याच गुणासाठी हिरडा कातडी कमावायला वापरतात आणि इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातून तो जहाजे भरभरून बाहेर जात असे. म्हणजे ज्या फळाला आपण पोट मोकळे करणारे म्हणतो, त्याच्यात बांधून ठेवणारे द्रव्यही भरपूर आहे.

सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने हे हिरड्याचे दुहेरी वागणे टिपलेले आहे. हिरडा चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर मळ काढतो, उकडून घेतला तर बांधतो, भाजून घेतला तर तिन्ही दोष शमवतो, असे तो ग्रंथ सांगतो. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, ग्रीष्मात गुळाबरोबर, अशी ऋतूंची वाटणीही आहे. आणि ज्या हिरड्याला आईची उपमा दिली जाते तोच थकलेल्याने, कृश माणसाने, उपाशी असणाऱ्याने आणि गर्भवतीने घेऊ नये, असे तिथेच बजावलेले आहे. यातले प्रत्येक विधान आज प्रयोगाला उतरेल असा माझा दावा नाही. उकडल्याने हिरडा खरोखर ग्राही होतो का, हे प्रयोगशाळेत तपासता येईल आणि तपासले पाहिजे. पण विचारलेले प्रश्न पाहा. कोणत्या रूपात, कशाबरोबर, केव्हा, कुणाला नको. औषधाविषयी विचारायचे नेमके प्रश्न हेच आहेत. आज हिरडा कॅप्सूलमध्ये भरून बाराही महिने, सर्व वयांना, एकाच मात्रेत घ्यायला सांगणारे लोक भावप्रकाशाचे नाव जरूर घेतात, पण त्यातला एकही प्रश्न पुढे नेत नाहीत.

बाजारात हिरड्यापेक्षाही मोठी जागा सोनामुखीने घेतली आहे. 'रोज रात्री एक चमचा' असे सांगणारी पोट साफ करण्याची जी चूर्णे मिळतात, त्यांतल्या पुष्कळांत मुख्य काम हे पान करते. बाकीचे ओवा, सैंधव, ज्येष्ठमध, हिरडा तिच्याभोवती असतात. चरक-सुश्रुतांच्या औषधांत सोनामुखी नाही. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरब वैद्यांनी तिला औषधांत मान मिळवून दिला आणि हकिमांच्या हातून ती आपल्याकडे रुजली. इसबगोल हे नावसुद्धा फारसी आहे, घोड्याच्या कानासारख्या बियांवरून पडलेले. म्हणजे परंपरा बंद पेटी नव्हती; परक्या वनस्पती पारखून घेत होती, आणि हा तिचा गुणच होता. आज तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावाने सोनामुखी जगभर जाते आणि तिचे काम कसे चालते हे नीट ठाऊक आहे. पानातली सेनोसाइड नावाची द्रव्ये पोटात आणि लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जंतू त्यांचे तुकडे करतात आणि त्यातून निघालेले द्रव्य आतड्याच्या भिंतीला डिवचते. स्नायूंची हालचाल वाढते, पाणी शोषले जाण्याचे थांबते, सहा ते बारा तासांत शौचाला होते. रात्री घेतले की सकाळी, हे गणित त्यामुळे जमते. हीच सेनोसाइडे इंग्रजी औषधांच्या दुकानात गोळीच्या रूपात मिळतात. गोळी घेताना माणूस दोनदा विचार करतो आणि चूर्ण घेताना करत नाही. द्रव्य एकच असताना भीती मात्र वेष्टनावर अवलंबून राहते, ही गोष्ट मला फार काळजीची वाटते.

सोनामुखीवर अन्याय करणेही बरोबर नाही. रोज घेतल्याने आतडी कायमची लुळी पडतात असे पूर्वी सांगत. सांगितलेल्या मात्रेत घेतल्यास तसे होते याला भक्कम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सेना, म्हणजे हीच सोनामुखी, आहे, आणि ती कुठे आहे हेही बघण्यासारखे आहे. वेदनाशमनाच्या उपचारांत, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांनी ज्यांची आतडी थंडावतात अशा रुग्णांसाठीच्या विभागात तिला जागा दिलेली आहे. अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ साली जुनाट बद्धकोष्ठासाठी जे मार्गदर्शन केले त्यातही ती आहे. युरोपातल्या औषध नियामकांचा सल्ला मात्र असा की वैद्यकीय देखरेखीशिवाय एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त ती घेऊ नये आणि बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. म्हणजे पानाचे गुण सगळ्यांना मान्य आहेत आणि त्याची मुदतही. आपल्या डब्यावर गुण छापलेला असतो. मुदत एकतर नसते किंवा भिंगाने शोधावी लागते.

आणि मुदत पाळली नाही तर काय होते? एक साधा फेरा आधी समजून घेऊ. सोनामुखीने मोठे आतडे एका झटक्यात रिकामे होते. ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काही होत नाही, आणि होण्याचे कारणही नसते. माणसाला वाटते, बद्धकोष्ठ परत आले. तो पुन्हा चमचा घेतो. अशा रीतीने ज्याला मुळात आजारच नव्हता तो वर्षानुवर्षे औषधावर राहतो. रोज एकदा, ठरल्या वेळी, भरपूर झालेच पाहिजे ही आपली समजूत या फेऱ्याला इंधन पुरवते. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या मोठ्या पट्ट्यात माणसे निरोगी असतात. फार दिवस आणि फार मात्रेत घेतल्यास शरीरातले पोटॅशियम कमी होते, अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाला हा धोका अधिक, कारण त्या गोळ्यांतल्या बऱ्याच पोटॅशियम घालवतात. आपल्या घरांतून संध्याकाळी गोळ्यांचा डबा आणि चूर्णाचा डबा एकाच तबकात येतात आणि डॉक्टरांना फक्त पहिल्याविषयी सांगितले जाते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पोटात मळ साठला की त्याचे विष रक्तात उतरते, डोके दुखते, अंग जड होते; अधूनमधून आतून सफाई हवीच, आणि आयुर्वेदाने शोधन सांगितले आहे ते याचसाठी. या आक्षेपात दोन वेगळे धागे एकत्र वळलेले आहेत, ते सोडवले पाहिजेत. मळाच्या विषाने शरीर आतून नासते ही कल्पना ज्या रूपात आज 'डिटॉक्स' म्हणून परत येते, ते रूप एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचे आहे. पॅरिसमधल्या शार्ल बूशार यांनी १८८० च्या दशकात ती मांडली. लंडनमधले नामांकित शल्यचिकित्सक विल्यम अर्बथनॉट लेन यांनी तर या समजुतीपायी, केवळ बद्धकोष्ठ आहे म्हणून, रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या मताची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा असा होता की शौचाला झाल्याबरोबर काही मिनिटांत डोके हलके होते. विष रक्तात भिनलेले असते तर ते इतक्या चटकन उतरले नसते. गुदाशय ताणला गेल्यामुळे ती लक्षणे येतात. त्याच सुमारास झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून ठेवला, तर तीच डोकेदुखी आणि तीच मरगळ उमटली. कापसाला विष नव्हते. साफ झाल्यावर बरे वाटते हे खरे आहे, पण त्यावरून आत विष होते असे ठरत नाही. रक्तातली टाकाऊ द्रव्ये यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस बाहेर काढत असतात, त्यासाठी आतडी धुवावी लागत नाहीत.

दुसरा धागा आयुर्वेदाच्या शोधनाचा, आणि इथे आक्षेप घेणाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. चरक संहितेत वमनाचे ३५५ आणि विरेचनाचे २४५ असे ६०० योग आहेत, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्याच संहितेत सुखाने विरेचन करणाऱ्यांत निशोत्तर, मृदूंत बहावा आणि तीक्ष्णांत निवडुंगाचा चीक श्रेष्ठ, अशी प्रतवारी आहे, म्हणजे उग्रतेचे भान आहे. विरेचनाआधी कित्येक दिवस स्नेहन, मग स्वेदन. रुग्णाचा कोठा मृदू की क्रूर हे पारखणे. बालक, वृद्ध, गर्भवती, दुबळा, नवज्वरी यांना ते टाळणे. आणि नंतर पेया, विलेपी अशा क्रमाने हळूहळू जेवणावर आणणे, हे सगळे मिळून एक विरेचन होते. ते वर्षातून एखाद्या वेळी, बहुधा शरदात करण्याचे काम आहे. रोज रात्री करण्याचे मुळीच नाही. शिवाय आम असताना शोधन करू नये हे वाग्भटाने स्वच्छ सांगितले आहे; दोष पक्व नसताना ओढून काढणे म्हणजे कच्च्या फळातून रस काढायला जाणे, त्यात रस निघत नाही आणि फळ मात्र नासते, असा त्याचा दृष्टान्त आहे. आधी लंघन, मग पाचन. 'शरीरात आम साठला आहे म्हणून हे चूर्ण घेऊन साफ करा' ही आजची जाहिरात म्हणजे वाग्भटाने जे करू नका म्हटले नेमके तेच आहे. पंचकर्म आजच्या चाचण्यांत कितपत टिकते हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण ज्यांना ते मान्य आहे त्यांनासुद्धा रोजच्या चमच्याच्या समर्थनासाठी चरकाचे नाव घेता येणार नाही.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील, मग हे सगळे बाजूलाच ठेवा. झाडपाल्यात काही अर्थ नाही. हेही मला पटत नाही, कारण पुरावा तसे सांगत नाही. इसबगोलाचा भुसा घ्या. उत्तर गुजरातेत आणि राजस्थानात पिकणाऱ्या या बियांचे साल पाण्यात पडले की फुगून बुळबुळीत होते. कोरड्या मळाला ते ओलावा देते आणि पातळ मळातले पाणी धरून ठेवते, म्हणून बद्धकोष्ठ आणि हगवण या दोन्हींत त्याचा उपयोग होतो. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इसबगोलातल्या विद्राव्य तंतूंमुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो हा दावा छापायला परवानगी दिली. त्यालाही अट आहेच, सोबत भरपूर पाणी हवे. कोरडा फक्का मारला तर तोच घशात किंवा आतड्यात अडकून बसतो. एरंडेलाचे गुपित २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी उलगडले. त्यातले रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन बिलगते, आणि तोच ग्राहक गर्भाशयातही असतो. गर्भवतीला एरंडेल देऊ नये, या सांगण्याला असा आधार मिळाला. ओव्याच्या तेलात मुख्य द्रव्य थायमॉल. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमींविरुद्ध रॉकफेलर आयोगाने जी मोहीम चालवली तिच्यात थायमॉलच दिले जात होते, तेही तेल आणि दारू टाळण्याची सक्त ताकीद देऊन, कारण त्यांच्यात विरघळून ते रक्तात जाते आणि विषासारखे वागते. चिमूटभर ओवा आणि कित्येक ग्रॅम थायमॉल यांत फरक मात्रेचाच. ज्या वनस्पतीला काहीच परिणाम नाही तिला मात्रेचीही गरज नसते. यांना मात्रा लागते, कारण या खऱ्याखुऱ्या औषधी आहेत.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणूनच तो आदराने घ्यायला हवा. आजी-पणजीने शेकडो वर्षे जे दिले ते चुकीचे कसे असेल? उत्तर असे की काही बरोबर होते, काही निरर्थक आणि थोडे घातक, आणि तीनही गोष्टी एकाच बटव्यात होत्या. मुरडशेंग पिळवटलेली दिसते म्हणून ती पोटातल्या मुरड्यावर, हा विचार रूपसाम्यावर बेतलेला आहे. तिचा गुण असेल तर तो पिळामुळे नव्हे. वेखंडात असारोन नावाचे द्रव्य असते आणि त्याने प्राण्यांत कर्करोग होतो असे दिसल्यावर अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला मनाई आहे. मग त्याचा अर्धा वेढासुद्धा कोवळ्या बाळाला का द्यावा? पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाणीही नको. दमट सहाण, वर्षानुवर्षे तीच गुटीची पिशवी, अनेक हातांचा स्पर्श, हे सगळे त्या वयात जंतूंना दिलेले आमंत्रण आहे. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाळगुटी देऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणतो. वेढ्यातली सावधगिरी घ्यावी आणि वेखंड सोडावे. दर महिन्याच्या एका रविवारी मुलांना सक्तीने पाजल्या जाणाऱ्या एरंडेलामागे जंतांची भीती होती. ती भीती खरी होती, पण आता २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी मिळते, तेव्हा ते हाल करण्याचे कारण उरले नाही. परंपरा स्वतः सोनामुखी स्वीकारू शकली, तशीच ती काही गोष्टी टाकूही शकते.

या साऱ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहते ते बद्धकोष्ठाचे कारण. चरक संहितेत वेग अडवू नका या विषयावर एक अख्खा अध्याय आहे आणि अडवू नयेत अशा तेरा वेगांत मलमूत्राचे वेग आहेत. आज हे वेग अडवते कोण? शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून सकाळपासून घरी येईपर्यंत थांबणारी मुलगी. बाजारात भाजी विकणारी बाई. पहाटेची लोकल गाठणारा माणूस. दिवसभर फाट्यावर उभी असणारी पोलीस शिपाई. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी 'राइट टू पी' ही चळवळ चालवली ती स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी, पण तिच्यामागचे वास्तव या तक्रारीलाही लागू आहे. शौचाची भावना पुन्हा पुन्हा दाबली की आतडे ती पाठवणे कमी करते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीच्या जागी मैद्याचा पाव आणि बिस्किटे आली, पालेभाजी ताटात कोपऱ्यापुरती राहिली, आणि बायका तर बाहेर जावे लागेल म्हणून पाणीच कमी पितात. यावर चूर्ण म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे. बादलीने पाणी जमते, छप्पर तसेच राहते. चूर्णाने आणखी एक मोठे नुकसान होते. पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेले बद्धकोष्ठ, शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारे वजन, रक्त कमी होणे, या खुणा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या असू शकतात. चूर्णाने काम भागते आहे तोवर माणूस तपासणीला जात नाही आणि हातातले महिने निघून जातात.

काय व्हायला हवे, हे मी सरळ मांडतो. सोनामुखी, कोरफडीचा पिवळा चीक म्हणजे काळा बोळ, निशोत्तर, एरंडेल यांपैकी काही ज्यात असेल त्या प्रत्येक औषधाच्या दर्शनी बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरांत तीन ओळी हव्यात: सलग किती दिवस घ्यायचे, कोणी घ्यायचे नाही, कोणत्या औषधांबरोबर घ्यायचे नाही. अमेरिकेत २००२ साली काळ्या बोळाची विरेचके सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून बिनचिठ्ठीच्या औषधांतून काढून टाकली गेली. तेवढे कडक होणे आपल्याला जड वाटत असेल तर निदान तीन ओळी छापायला हरकत नसावी. वैद्यांच्या संघटनांनी ही मागणी इतरांच्या आधी करायला हवी, कारण त्यांच्याच शास्त्राच्या पायऱ्या रोज मोडल्या जात आहेत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून येणाऱ्या हिरड्याला योग्य भाव मिळावा आणि त्यावर नेटाने संशोधन व्हावे, हेही त्याच मागणीचे दुसरे अंग आहे. ज्या फळाचे गुण आपण सांगतो ते वेचणाऱ्यांच्या पदरात त्यातले काही पडले पाहिजे.

तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. घरातल्या डब्याची मागची बाजू उजेडात धरून घटकांची यादी वाचावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा डबा असेल तर तो त्यांच्या डॉक्टरांना दाखवावा. वाचताना एवढे लक्षात ठेवावे की सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, मार्कंडी आणि सेना ही पाचही नावे एकाच पानाची आहेत.